लघवी लाल झाली म्हणजे औषध वाहून गेलं का?

केमो घेऊन संध्याकाळी घरी आल्यावर पेशंट मोरीतून बाहेर येतो आणि घाबऱ्याघुबऱ्या सांगतो, लघवी लालभडक झाली. घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, "एवढं महागाचं औषध, सगळं वाहूनच गेलं की!" बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडे ज्याला सरसकट 'लाल औषध' म्हणतात, त्या डॉक्सोरुबिसिनबद्दलचा हा बहुधा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. प्रश्न अजिबात भाबडा नाही. त्याचं नीट उत्तर द्यायचं तर हे औषध शरीरात कुठं जातं, कोण ते मोडतं आणि मोडताना काय बिघडतं, ते सगळंच सांगावं लागतं.

आधी उत्तर. औषध वाहून गेलेलं नाही. दिलेल्या डोसपैकी पाच दिवसांत मिळून ५ ते १२ टक्केच लघवीतून बाहेर पडतं. रंग इतका गडद आहे की तेवढंही पुरतं. बीटची कोशिंबीर खाल्ल्यावर जसं होतं, तसंच. हा रंग एक-दोन दिवस टिकतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही लघवी लाल असेल, जळजळ होत असेल किंवा रक्ताच्या गाठी दिसत असतील, तर तो औषधाचा रंग नव्हे. ते रक्त असू शकतं, लगेच दवाखाना गाठायचा. स्तनाच्या कॅन्सरमध्ये लाल औषधाबरोबर सायक्लोफॉस्फमाइड हे दुसरं, पांढरं औषध देतात. मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला त्रास देणारं ते. 'पाणी भरपूर प्या' हा सल्ला मुख्यतः त्याच्यासाठी असतो. लाल औषध पाण्यानं धुऊन निघत नाही. त्याची वाट वेगळी आहे, लिव्हरमधून पित्तात आणि पित्तातून आतड्यात.

मातीतला रंग

डॉक्सोरुबिसिन, डाउनोरुबिसिन, एपिरुबिसिन आणि इडारुबिसिन ही एकाच घरातली चार भावंडं. या घराण्याला अँथ्रासायक्लिन म्हणतात. मूळ शोध मातीतला. मृगाच्या पहिल्या सरीनंतर खानापूरकडच्या तांबड्या मातीतून जो वास उठतो, तो बऱ्याच अंशी स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूंच्या कुळाचा. याच कुळातला एक जिवाणू इटलीच्या दक्षिणेला, कास्तेल देल मोन्ते या जुन्या किल्ल्याजवळच्या मातीच्या नमुन्यात फार्मिटालिया कंपनीच्या संशोधकांना सापडला. तो माणकासारखा लाल रंग तयार करत होता. त्या भागात पूर्वी राहणाऱ्या डाउनी लोकांचं नाव आणि माणकासाठीचा फ्रेंच शब्द 'रुबी' जोडून डाउनोरुबिसिन हे नाव झालं. पुढं त्याच जिवाणूच्या बदललेल्या वाणातून डॉक्सोरुबिसिन मिळालं. एड्रियाटिक समुद्रावरून त्याचं अॅड्रियामायसिन हे नाव पडलं, ते आजही कागदपत्रांवर दिसतं. अमेरिकेत त्याला १९७४ साली मान्यता मिळाली. म्हणजे औषध पन्नास वर्षांहून जुनं आहे, तरी त्याला पूर्ण पर्याय अजून सापडलेला नाही.

रेणूची बांधणी समजली की पुढचं सोपं जातं. एका ओळीत चिकटलेली चार सपाट कडी आणि त्यांना लटकवलेली एक साखर, असं हे औषध. (ऊसपट्ट्यातल्या वाचकांसाठी: ही साखर चहात घालायची नव्हे. डाउनोसामिन नावाची ती वेगळीच साखर आहे, तिच्यामुळं शुगर वाढत नाही.) सपाट कडी पेशीतल्या डीएनएच्या दोन पायऱ्यांमध्ये पत्त्यासारखी सरकतात. पेशी दोन होताना डीएनएचा पीळ सोडवावा लागतो. त्यासाठी टोपोआयसोमरेज-२ नावाचं एन्झाइम दोर कापतं, पीळ सोडवतं आणि परत सांधतं. हे औषध बरोबर मधल्या क्षणी अडसर घालतं. दोर कापलेला राहतो आणि सांधला जात नाही. भराभर वाढणाऱ्या पेशी असल्या तुटक्या दोरांनी मरतात. कॅन्सरच्या पेशी तशा, पण केसांची मुळं, तोंडाचं आतलं अस्तर आणि हाडातला मगज, म्हणजे बोन मॅरोही तसाच. म्हणून दोन-तीन आठवड्यांत केस जातात, आठवडाभरात तोंड येतं आणि पांढऱ्या पेशी उतरतात.

या रेणूला शरीराचे एन्झाइम तीन ठिकाणी पकडू शकतात. एक, बाजूच्या शेपटीवरचा ऑक्सिजन. दोन, मधल्या कड्यांपैकी क्विनोन नावाचं, इलेक्ट्रॉन झेलणारं कडं. तीन, ती साखर. औषध मोडण्याच्या तीन वाटा म्हणतात त्या याच.

पहिली पाच मिनिटं

डोस शरीराच्या पृष्ठभागावर ठरतो. उंची सेंटिमीटरमध्ये, वजन किलोत, दोन्हींचा गुणाकार, त्याला ३६०० नं भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. बाईची उंची १५० सेंमी आणि वजन ५४ किलो असेल तर गुणाकार ८१००, भागून २.२५, वर्गमूळ १.५ चौरस मीटर. स्तनाच्या कॅन्सरच्या नेहमीच्या पद्धतीत दर २१ दिवसांनी ६० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर देतात. म्हणजे या बाईला ९० मिलिग्रॅम. तयार द्रावण बहुतेक वेळा एका मिलिलिटरला २ मिलिग्रॅम असतं, म्हणजे ४५ मिलिलिटर लाल द्रव. मोठ्या सिरिंजमधून, शेजारी चालू असलेल्या सलाईनच्या धारेत, सिस्टर तो हळूहळू सोडते. सावकाश सोडण्याचं आणि मधूनमधून सिरिंज मागं ओढून रक्त येतंय का पाहण्याचं कारण पुढं येईल.

शिरेत गेल्यावर रक्तातलं औषधाचं प्रमाण सुमारे पाच मिनिटांत निम्मं होतं. एवढ्या लवकर ते कुणी मोडत नाही. ते नुसतं रक्तातून पेशींत जाऊन बसतं. किती बसतं, याचा एक गमतीशीर हिशोब आहे. शरीरात घातलेलं एकूण औषध आणि रक्तात सापडणारं प्रमाण यांवरून 'हे औषध किती लिटर पाण्यात पसरलं असावं' असा आकडा काढतात. डॉक्सोरुबिसिनचा तो आकडा चौरस मीटरमागं ८०० ते १२०० लिटर येतो. आपल्या बाईसाठी १२०० ते १८०० लिटर. गच्चीवरच्या मोठ्या टाकीपेक्षाही जास्त, आणि बाईचं वजन ५४ किलो! अर्थ एवढाच, की रक्तात फारच थोडं उरलंय, आणि त्यातलंही सुमारे ७५ टक्के प्रथिनांना चिकटलेलं आहे. बाकी सगळं लिव्हर, मूत्रपिंड, प्लीहा, फुप्फुस, हृदय आणि हाडातल्या मगजात डीएनएला धरून बसलंय. मेंदूत मात्र ते जवळजवळ जात नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांवरचे पंप त्याला बाहेर ढकलतात.

पेशींतून ते परत रक्तात झिरपतं ते सावकाश. या संथ टप्प्यात प्रमाण निम्मं व्हायला २० ते ४८ तास लागतात. मधला ३० तासांचा आकडा धरू. ३० तासांनी निम्मं, ६० तासांनी पाव, ९० तासांनी अर्धपाव, आणि १५० तासांनी, म्हणजे सव्वासहा दिवसांनी, जेमतेम ३ टक्के. आठवड्यात औषध संपतं, तर पुढची केमो २१ दिवसांनी का? कारण थांबायचं असतं मगजासाठी. पांढऱ्या पेशी दहाव्या ते चौदाव्या दिवशी तळ गाठतात आणि एकविसाव्या दिवसापर्यंत वर येतात. त्या तळाच्या दिवसांत १००.४ फॅरनहाइट ताप आला, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्रीच निघायचं.

तीन वाटा

पहिली वाट शेपटीवरची. कार्बोनिल रिडक्टेज आणि अल्डो-कीटो रिडक्टेज नावाचे एन्झाइम तिथल्या ऑक्सिजनला एका दमात दोन इलेक्ट्रॉन देतात आणि डॉक्सोरुबिसिनचं डॉक्सोरुबिसिनॉल होतं. ही मुख्य वाट. लिव्हरमध्ये हे काम जास्त चालतं, पण हे एन्झाइम इतर पेशींतही आहेत, हृदयाच्या पेशीतसुद्धा. डॉक्सोरुबिसिनॉल कॅन्सरच्या पेशी मारण्यात मूळ औषधापेक्षा कमजोर असतं. म्हणजे काम कमी. त्रास मात्र कमी नाही, ते हृदयाच्या भागात पाहू. यातलं कार्बोनिल रिडक्टेज बनवणारी जनुकं २१ व्या गुणसूत्रावर आहेत. जनुकांतल्या बारीकसारीक फरकांमुळं कुणाचं एन्झाइम जोरात चालतं, कुणाचं संथ. सारख्याच डोसवर दोन माणसांची हृदयं वेगळी वागतात, त्याचं एक कारण इथं असावं असं मानतात. पण ही जनुक-तपासणी अजून रोजच्या वापरात नाही, तिच्यासाठी पैसे घालवायची गरज नाही.

दुसरी वाट क्विनोन कड्याची. इथं एन्झाइम दोन ऐवजी एकच इलेक्ट्रॉन देतात आणि सेमिक्विनोन नावाचं अस्थिर रूप तयार होतं. ते स्वतःकडं काही ठेवत नाही. जवळ ऑक्सिजन दिसला की इलेक्ट्रॉन त्याच्या हातात देतं आणि परत मूळ औषध होऊन पुढच्या इलेक्ट्रॉनसाठी उभं राहतं. स्लॅब टाकताना माणसांची रांग असते ना, घमेलं घ्यायचं, पुढं द्यायचं, रिकामे हात परत मागं, तसा हा प्रकार. गडी तोच, घमेली शंभर. इलेक्ट्रॉन मिळालेला ऑक्सिजन सुपरऑक्साइड होतो. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, आणि आसपास मोकळं लोह असेल तर त्याहून जहाल कण. पेशीच्या पडद्याची चरबी, प्रथिनं, डीएनए, जे समोर येईल ते गंजतं. या वाटेनं फार औषध मोडत नाही, कारण औषध परत परत मूळ रूपातच येतं. टक्केवारीच्या तक्त्यात ती किरकोळ दिसते, नुकसानीच्या हिशोबात नाही.

तिसरी वाट साखर तोडण्याची. ती खरोखरच लहान आहे, तिच्यावर वेळ घालवत नाही.

आणि या तिन्ही वाटांना फाटा देऊन जवळजवळ निम्मं औषध मूळ रूपातच बाहेर पडतं.

बाहेर पडायचं दार लिव्हरमध्ये आहे. लिव्हरच्या पेशींवरचे पंप औषध आणि त्याची बदललेली रूपं पित्तात ढकलतात. पाच दिवसांत डोसच्या सुमारे ४० टक्के पित्तात सापडतं, तिथून आतड्यात आणि शौचात. (अशाच जातीचे पंप कॅन्सरच्या काही पेशीही स्वतःवर वाढवतात आणि औषध बाहेर फेकतात. औषध 'लागू पडेना' होण्याचं ते एक कारण.) म्हणूनच मूत्रपिंड थोडं कमजोर असलं तरी या औषधाचा डोस सहसा कापावा लागत नाही, पण पित्त अडलं की लगेच कापावा लागतो. आकडे ठरलेले आहेत. रक्तातलं बिलिरुबिन (काविळीत वाढतो तो पिवळा घटक) १.२ ते ३ असेल तर डोस निम्मा. ३.१ ते ५ असेल तर पाव. ५ च्या वर असेल तर औषध द्यायचंच नाही. प्रत्येक केमोआधी रक्ताचा रिपोर्ट मागतात तो फक्त पेशी मोजायला नाही, या एका आकड्यासाठीही. बिलिरुबिन वाढलेलं असताना पूर्ण डोस गेला तर औषध बाहेर पडायला दार नाही. ते रेंगाळतं, आणि पांढऱ्या पेशी व तोंडाचं अस्तर दोन्ही पार झोडपून काढतं.

इथंच आपल्या भागातली एक सवय आडवी येते. डोळे पिवळे दिसले की काविळीचं झाडपाल्याचं औषध घ्यायला अमक्या गावी जायचं. शिवाय केमोत 'ताकद यावी' म्हणून गुळवेलीचा काढा, कोरफडीचा रस, कुणी सांगितलेली पुडी. गुळवेलीच्या सेवनानंतर लिव्हरला सूज आल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत. त्यावर वाद झाले, होवोत. ज्या आठवड्यात लिव्हर लाल औषध उपसत असतं, त्या आठवड्यात तिच्यावर दुसरं ओझं टाकण्यात शहाणपण नाही. काढा घेतला असेल तर लपवू नका. ओरडा खावा लागेल या भीतीनं लपवलेला काढा रिपोर्टमध्ये बिलिरुबिन होऊन दिसतोच, फक्त तेव्हा कारण शोधण्यात दोन आठवडे जातात. फिटच्या गोळ्या, टीबीची औषधं, आधीची हिपॅटायटिस-बीची लागण, हेही पहिल्याच दिवशी सांगायचं. फेनोबार्बिटालसारखी गोळी डॉक्सोरुबिसिन लवकर बाहेर काढते, आणि उलट केमोमुळं फेनिटॉइन या फिटच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण उतरू शकतं. इतके दिवस बंद असलेली फिट मग केमोच्या आठवड्यात येते.

औषध शौचातून जातं, तर घरी काळजीही तिथलीच घ्यायची. पेशंटचे शौच, लघवी किंवा उलटीचे कपडे निदान पाच दिवस हातमोजे घालून, वेगळे धुवायचे. संडासात दोनदा पाणी टाकायचं. घरात गरोदर सून असेल तर हे काम तिच्याकडं द्यायचं नाही. जेवणाच्या ताटाचा, जवळ बसण्याचा, नातवाला मांडीवर घेण्याचा याच्याशी काही संबंध नाही. त्यावरून आजीला वेगळी खोली देणं हा निव्वळ जाच आहे.

हृदयाला काय होतं

हृदयाचा स्नायू आणि हे औषध यांचं वाकडं का, याची एकापेक्षा जास्त कारणं आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. हृदय अखंड चालतं, म्हणून त्याच्या पेशींत ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया खचाखच भरलेले असतात, पेशीच्या आकारमानाच्या जवळपास तिसरा हिस्सा. त्यांच्या आतल्या पडद्यातल्या एका विशिष्ट चरबीला हे औषध चिकटतं, म्हणजे घमेल्यांची रांग नेमकी तिथंच लागते. गंज धुणारं कॅटालेज हे एन्झाइम लिव्हरमध्ये भरपूर, हृदयात कमी. त्यातच डॉक्सोरुबिसिनॉल हृदयाच्या पेशीत तयार होतं आणि लवकर बाहेर पडत नाही. प्रत्येक ठोक्याला कॅल्शियम आत-बाहेर करावं लागतं, त्या पंपांना आणि लोहाच्या जमाखर्चाला ते बाधा आणतं. शिवाय टोपोआयसोमरेजचं दुसरं भावंड, बीटा, हृदयात असतं. औषध तेही अडवतं आणि डीएनए तुटतो. बाकी अवयव नव्या पेशी घालून भरपाई करतात. हृदयाच्या स्नायूला ती सोय नसल्यातच जमा, वर्षाला एक टक्काही पेशी नव्या होत नाहीत.

यातूनच एकूण डोसची मर्यादा येते. औषध आठवड्यात निघून गेलं तरी पडलेल्या पेशी परत येत नाहीत, म्हणून दहा वर्षांपूर्वी घेतलेला डोसही आजच्या बेरजेत धरतात. डॉक्सोरुबिसिनच्या बाबतीत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, तीन अभ्यासांतले पेशंट एकत्र करून केलेल्या विश्लेषणाचे आकडे असे: एकूण ४०० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटरला हार्ट फेल्युअरचं प्रमाण सुमारे ५ टक्के, ५५० ला २६ टक्के, ७०० ला ४८ टक्के. रेष सरळ चढत नाही, ४०० नंतर घाट लागतो. म्हणून आता सहसा ४५० च्या पुढं जात नाहीत. स्तनाच्या कॅन्सरमध्ये चार केमो मिळून २४० होतात, लिम्फोमात, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरमध्ये, ५० च्या सहा मिळून ३००. म्हणजे नेहमीच्या कोर्समध्ये पेशंट घाटाच्या बराच खाली असतो. 'लाल औषध हृदय खातं' म्हणून कोर्स अर्धवट सोडणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

छातीला पूर्वी रेडिएशन झालेलं असणं, बीपी, वय ६५ च्या पुढं किंवा अगदी लहान असणं, यांनी धोका वाढतो. ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन याच्या बरोबर एकाच वेळी देत नाहीत. पॅक्लिटॅक्सेल हे दुसरं केमोचं औषध द्यायचं असेल तर लाल औषध आधी, कारण क्रम उलटा झाला तर डॉक्सोरुबिसिन आणि डॉक्सोरुबिसिनॉल दोन्ही रक्तात जास्त वेळ राहतात. सुरुवातीला ईको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात तो तुलनेसाठी. हृदयाच्या पंपिंगचा आकडा दहा अंकांनी उतरून ५० च्या खाली गेला तर औषध थांबवून विचार करायचा. डोस पुढं न्यायचाच असेल तर डेक्स्राझॉक्सेन नावाचं औषध आधी सलाईनमधून देतात, डॉक्सोरुबिसिनच्या दहापट मात्रेत. आपल्या बाईला ९० ला ९०० मिलिग्रॅम. ते संपल्यावर ३० मिनिटांच्या आत लाल औषध. डेक्स्राझॉक्सेन मोकळं लोह धरून ठेवतं आणि त्या बीटा भावंडालाही बाजूला करतं.

लक्षणं घरच्यांनाच आधी दिसतात. राजहंसगड चढताना दम लागणं वेगळं. न्हाणीघरातून सोप्यापर्यंत येताना दम लागणं, रात्री दोन उशा लागणं, संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतणं, दोन दिवसांत दोन किलो वजन वाढणं, हे वेगळं. कोर्स संपून काही वर्षं उलटल्यावरही हे होऊ शकतं. तेव्हा डॉक्टरला 'पूर्वी लाल औषध घेतलंय' हे आपण होऊन सांगावं लागतं. ते कपाळावर लिहिलेलं नसतं.

भावंडांचे स्वभाव

एपिरुबिसिनमध्ये साखरेवरचा एकच हात उलट्या दिशेला वळलेला आहे. एवढ्याशा फरकानं लिव्हर त्याला ग्लुकुरोनिक आम्ल चिकटवू शकते आणि निष्क्रिय करून लवकर हाकलू शकते. डॉक्सोरुबिसिनला ही सोय नाही. त्यामुळं एपिरुबिसिनची एकूण मर्यादा ९०० पर्यंत जाते. डाउनोरुबिसिन रक्ताच्या कॅन्सरमध्ये देतात. ते तासाभरातच बहुतांशी डाउनोरुबिसिनॉल होऊन जातं. इडारुबिसिन जास्त चरबीप्रिय आहे, पेशीत लवकर घुसतं, आणि त्याचं 'ऑल' रूप, म्हणजे इडारुबिसिनॉल, मूळ औषधाइतकंच काम करतं, म्हणून त्याचा डोस सगळ्यांत लहान. लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन म्हणजे तेच औषध चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत बंद केलेलं. हृदयात कमी जातं, पण रक्तात दोन-अडीच दिवस फिरत राहतं आणि तळहात-तळपायांची आग करतं.

शिरेबाहेर पडलं तर

आता त्या सावकाश सोडण्याचं कारण. कातडीखाली लिव्हर नाही. औषध शिरेबाहेर गळलं तर तिथं ते मोडणारं कुणी नाही. पेशीच्या डीएनएला चिकटतं, पेशी मरते, औषध सुटतं, शेजारच्या पेशीत शिरतं. असं आठवडेच्या आठवडे चालतं, जखम खोल होत जाते. म्हणून हाताला जरा जरी चुरचुरलं, सूज वाटली, तर 'सिस्टर काम करतायत, कशाला त्रास' असं म्हणत गप्प बसायचं नाही. सिस्टर औषध थांबवते, सुई लगेच काढत नाही, आधी तिच्यातूनच जमेल तेवढं औषध मागं ओढते. मग हात उंच धरून बर्फाचा शेक, १५-२० मिनिटं, दिवसातून चारदा. चोळायचं नाही, गरम शेक नाही, हळदीचा लेप नाही. (व्हिन्क्रिस्टिन या दुसऱ्या केमोच्या औषधाला उलट गरम शेक देतात, म्हणून कोणतं औषध गळलं हे विचारूनच शेकायचं.) मोठ्या गळतीत सहा तासांच्या आत डेक्स्राझॉक्सेनच देतात, तीन दिवस.

फाईल

सीमाभागातल्या पेशंटची फाईल हा वेगळाच विषय आहे. पहिली केमो बेळगावात, मग मुलगा कोल्हापूरला म्हणून तिकडं, मध्ये मिरज किंवा हुबळी, काहीजण मुंबई. इकडं कर्नाटकात आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक ही सरकारी उपचार योजना, तिकडं २०२३ मध्ये ८६५ सीमावर्ती गावांसाठी महात्मा फुले योजना लागू करायचा महाराष्ट्राचा निर्णय. जिथं कागद जमतात तिथं उपचार होतात, आणि फाईल मागं राहते. नव्या डॉक्टरच्या हातात 'केमो ४ वेळा झाली' एवढंच येतं. ते पुरेसं नाही.

सगळ्यात घातक घोळ एककाचा. आपल्या बाईला चार वेळा ९० मिलिग्रॅम दिलं, एकूण ३६० मिलिग्रॅम. पण चौरस मीटरमागं ते होतं २४०. कागदावर नुसतं 'एकूण ३६०' असेल आणि पुढच्यानं ते चौरस मीटरचं धरलं, तर त्याला वाटेल मर्यादा आलीच, आणि उपयोगाचं औषध नाकारलं जाईल. उलट 'एकूण २४०' हे नुसते मिलिग्रॅम समजून कुणी १.५ नं भागलं, तर १६० च येतात. मग ८० चा खोटा शिलकी आकडा समोर ठेवून पुढचा डोस ठरतो.

डिस्चार्जच्या वेळी सिस्टरकडून किंवा डॉक्टरकडून एका चिठ्ठीवर एवढं लिहून घ्या, फोटो काढा, घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. औषधाचं पूर्ण नाव, कारण डॉक्सोरुबिसिन आणि एपिरुबिसिनची बेरीज सरळ होत नाही. प्रत्येक केमोची तारीख आणि मिलिग्रॅम. पृष्ठभाग किती धरला. एकूण बेरीज, एककासह. छातीला रेडिएशन झालं असल्यास कुठल्या बाजूला. पहिल्या आणि शेवटच्या ईकोचा आकडा. आपल्या उदाहरणातली चिठ्ठी अशी दिसेल: 'डॉक्सोरुबिसिन, ९० मिग्रॅ × ४, पृष्ठभाग १.५ चौ.मी., एकूण २४० मिग्रॅ प्रति चौ.मी., रेडिएशन डावी बाजू, ईको आधी ६२, नंतर ५९.'